अल्बम 'कट्यार'च, पण चित्रपट 'कोर्ट'

२०१५मधल्या सर्वोत्तम मराठी कलाकृतींची एक यादी वाचली, तिच्यात चित्रपट आणि अल्बम दोन्हींसाठी 'कट्यार काळजात घुसली'ला पहिला नंबर दिलाय. अल्बमपुरतं शंभर टक्के मान्य. मूळ संगीत नाटकातल्या जितेंद्र अभिषेकीबुवांच्या चालींशेजारी नवी गाणी ठेवायची हे धाडसच होतं, आणि शंकर-एहसान-लॉय यांनी ते पेललं. मूळ नाटकात गायलेल्या वसंतराव देशपांडेंच्या नातवाच्या, म्हणजे राहुल देशपांडेंच्या आवाजात 'दिल की तपिश' ऐकताना मी अजूनही हातातलं काम थांबवतो. महेश काळेंच्या 'अरुणी किरणी'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा घरात पेढे आणले होते!

चित्रपट मात्र माझ्यासाठी 'कोर्ट'. एका लोकशाहिरावरच्या खटल्याची ही गोष्ट. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी कॅमेरा एका जागी ठेवला आणि माणसांना आपापल्या गतीने जगू दिलं. सरकारी वकीलबाई दिवसभर कलमं वाचून दाखवतात, मग लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागतात. त्यांचा राग करावा म्हटलं तरी करता येत नाही. सुट्टी लागल्यावर कोर्टातले दिवे एकेक करून मालवतात आणि पडदा काळा होतो, तेव्हा थिएटरात कुणी हललं नव्हतं. वीरा साथीदारांनी साकारलेला तो शाहीर, नारायण कांबळे, तर विसरणं शक्यच नाही. साथीदार २०२१मध्ये गेले, तेव्हा चित्रपट पुन्हा पाहिला.

आणि 'किल्ला' हा चित्रपट यादीत कसा नाही? दिग्दर्शक अविनाश अरुणने टिपलेला कोकणातला पाऊस, आणि बदलीच्या गावी एकटं पडलेलं ते पोर. माझे वडीलही बदलीच्या नोकरीत होते. दुसरा नंबर त्याचाच.