छापील पुस्तके देऊन टाकून मी ई-रीडरवर वाचू लागलो. हा निर्णय मला योग्य का वाटतो

सायंवाचक :

चाळीस वर्षे मी पुस्तके विकत घेऊन वाचली. पगार झाला की दुसऱ्या दिवशी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जायचे आणि पिशवी भरून परतायचे, हा नेम मी नोकरी संपेपर्यंत मोडला नाही. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे, ते पुस्तकांची ओढ नसलेल्या माणसाचे मत आहे असा कोणाचा समज होऊ नये.

सहा वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झाला. चष्म्याचा नंबर वाढवून भागणारा हा दोष नव्हता. दोन वर्षे मी भिंगाने वाचण्याचा प्रयत्न केला. डाव्या हाताने पान दाबून धरायचे, उजव्या हाताने भिंग ओळीवरून सरकवत न्यायचे. ओळ संपवून पुन्हा डावीकडे येताना नेमकी पुढची ओळ निसटायची आणि आधीचेच वाक्य परत वाचले जायचे. शिवणीच्या बाजूला खोल गेलेली अक्षरे भिंगाखाली वाकडी दिसत. त्या दोन वर्षांत माझ्याकडून एकही पुस्तक पुरे झाले नाही. मग मुलीने ई-रीडर आणून दिला. मी त्यातले अक्षर वाढवत नेले, एका पानावर जेमतेम नऊ ओळी मावतील इतके, आणि साडेतीनशे पानांची एक कादंबरी अकरा दिवसांत वाचून संपवली. शेवटचे पान आले तेव्हा पहाट झाली होती. ती पहाट मी विसरणार नाही.

हे वाचन मोबाइलवरच्या वाचनासारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. ई-रीडरला ई-शाईचा पडदा असतो. त्या पडद्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या लहान कुप्या असतात आणि त्यांत काळे व पांढरे कण परस्परविरुद्ध विद्युतभार घेऊन तरंगत असतात. ज्या रंगाचे कण वर ओढले जातात तो रंग आपल्याला दिसतो, आणि एकदा वर आलेले कण पान उलटेपर्यंत तिथेच राहतात. अक्षर बाहेरच्या उजेडाने दिसते, म्हणून गॅलरीतल्या उन्हात बसूनही वाचता येते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही लहान घरात राहायला आलो, तेव्हा चौदाशे पुस्तकांपैकी अकराशे मी एका तालुक्याच्या वाचनालयाला दिली. कपाटांची आठवण येते. पण वाचन म्हणजे मजकुराशी होणारी भेट आहे आणि कागद हे त्या भेटीला नेणारे वाहन आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ज्यांना हे मान्य नाही, त्यांनी कारणांसह लिहावे, अशी विनंती.

ग्रंथघर :

सायंवाचक, आपण पुन्हा वाचू लागलात याचा मनापासून आनंद झाला. तरीही आपले मत मला मान्य नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाचे काम सत्तावीस वर्षे पाहतो आहे, आणि पुस्तक म्हणजे एका वाचकाची मजकुराशी भेट एवढेच नव्हे, हे मला रोज दिसते.

हे लिहिताना एका कादंबरीची प्रत समोर आहे. तिच्या शेवटच्या पानावर परतीच्या तारखांच्या तीन चिठ्ठ्या एकावर एक डकवलेल्या आहेत. खालच्या चिठ्ठीवरचा पहिला शिक्का १९८३ सालचा आहे, वरच्या चिठ्ठीवरचा शेवटचा गेल्या महिन्यातला. मधल्या शिक्क्यांची शाई कधी जांभळी, कधी निळी, कधी इतकी पुसट की तारीख अंदाजाने लावावी लागते. दोनदा बांधणी झाली, कोपऱ्याला कसर लागली, सोळा पानांचा एक फर्मा सुटला तो पुन्हा शिवला. एकदाच विकत घेतलेल्या या प्रतीवर गावातल्या तीन पिढ्या वाचल्या. आपल्याकडचा वाचक असाच घडला. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. विकत घेण्याची ऐपत नसलेला माणूसही वाचू शकला तो मागून, आणून, परत करून. ई-रीडरवर विकत घेतलेले पुस्तक मी शेजाऱ्याला देऊ शकत नाही, वाचनालयाला दान करू शकत नाही आणि माझ्यामागे मुलांना ते रीतसर मिळेल याची खात्री नाही, कारण मी पैसे दिले ते वाचण्याच्या परवान्याचे.

परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकतो. जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून, म्हणजे त्या कंपनीच्या ई-रीडरमधून, परस्पर काढून टाकल्या. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे खरे. पैसे परत दिले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण छापील पुस्तकाच्या बाबतीत असे चुकून झाले, तरी दुकानदार रात्री येऊन आपल्या कपाटातले पुस्तक उचलून नेऊ शकत नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले आणि लोकांनी घेतलेली पुस्तके वाचता येईनाशी झाली. तिथेही पैसे परत मिळाले. पुस्तकात लिहून ठेवलेली टिपणे मात्र गेली.

कृष्णाकाठ :

ग्रंथघर यांच्या प्रतिसादात कागद जणू कायमचा आहे असे गृहीत धरलेले दिसते. मी सांगलीचा आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आमच्या तळमजल्यात आले आणि सात दिवस राहिले.

भिजलेले पुस्तक कसे असते, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी लिहितो. पाणी प्यायलेली पुस्तके फुगतात आणि कपाटाच्या खणात एकमेकांना अशी जखडून बसतात की एकही ओढून काढता येत नाही. आम्हाला खणाच्या फळ्या तोडाव्या लागल्या. गुळगुळीत कागदावर छापलेल्या अंकांची पाने एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. साध्या कागदाची पुस्तके पंख्याखाली उभी करून ठेवली, तर तिसऱ्या दिवशी त्यांना हिरवी बुरशी आली. आजोबांच्या हस्ताक्षरातल्या नोंदी शाईच्या होत्या, त्या वाहून गेल्या होत्या. पेन्सिलीच्या तेवढ्या राहिल्या. त्याच पुरात सांगलीच्या नगर वाचनालयातलीही हजारो पुस्तके गेली, आणि त्यांतल्या दुर्मीळ पुस्तकांची भरपाई कोणत्याही पैशाने होण्यासारखी नाही.

मराठी विश्वकोशाचे जाडजूड खंड आमच्याकडे होते, ते लगद्यात गेले. पण विश्वकोश संगणकावर उपलब्ध असल्यामुळे माझ्या मुलीचा अभ्यास अडला नाही. म्हणून ज्यांना कागदाची माया आहे, त्यांनीच डिजिटल प्रतीचा आग्रह आधी धरला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

शुद्धप्रत :

मी बावीस वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते. ई-रीडरवर वाचून मजकुराशी भेट होते असे सायंवाचक म्हणतात. कोणत्या मजकुराशी, एवढाच माझा प्रश्न आहे.

किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून रीतसर मिळू लागली. त्याआधी छापलेल्या बहुतेक मराठी पुस्तकांची जुळणी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, नव्हती. त्या फायलींमध्ये आतून रोमन अक्षरांचेच संकेत असत आणि विशिष्ट फॉन्ट लावला तरच ते देवनागरी दिसत. अशी फाइल रूपांतरित करताना काय होते, ते एका शब्दावरून दाखवते. ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा र टंकताना र आणि य यांच्यामध्ये हलन्ताबरोबर एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याची पद्धत आहे. रूपांतर करणाऱ्या यंत्राने ते निरुपयोगी समजून गाळले, की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे डोंगरातल्या खिंडींचा समुद्र होतो. ‘आचाऱ्यांना बोलावले’ याचे ‘आचार्यांना बोलावले’ होते आणि स्वयंपाकी विद्वान होऊन बसतात. शब्द दोन्ही खरे असल्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्रालाही चूक सापडत नाही. ती माणसालाच, मूळ छापील प्रत शेजारी ठेवून, शोधावी लागते. मी विकत घेतलेल्या एका ई-पुस्तकाच्या पहिल्या चाळीस पानांत अशा एकोणीस जागा मिळाल्या. प्रकाशकांना कळवले, उत्तर आले नाही.

दुसरी गोष्ट कवितेची. ओवी साडेतीन चरणांची. तिचा चौथा चरण आखूड असतो आणि कान तिथेच विसावतो. अक्षर नऊ ओळींइतके मोठे केले, की तिसऱ्या चरणाचा शेवटचा शब्द तुटून खालच्या ओळीत जातो आणि तोच चौथा चरण असल्यासारखा दिसतो. कादंबरी याने बिघडत नाही, पण ज्ञानेश्वरी मी या यंत्रावर वाचणार नाही.

दूरदेशी :

मी जर्मनीत स्टुटगार्टला राहतो. येथे मराठी पुस्तकाचे दुकान नाही, आणि भारतातून एक पुस्तक मागवायचे तर टपालखर्च बहुतेक वेळा पुस्तकाच्या किमतीहून अधिक होतो. भारतातून परतताना सामानाच्या तेवीस किलोंमध्ये आईच्या हातची मेतकूट-भाजणी आणि पुस्तके यांची नेहमी ओढाताण होते. माझ्यासारख्याला ई-पुस्तक नसेल, तर मराठी पुस्तकच नसते. शुद्धप्रत म्हणतात त्या चुका मलाही दिसतात, आणि मला हव्या असलेल्या पुस्तकांपैकी निम्म्याहून अधिक ई-रूपात निघालेलीच नाहीत, ही तक्रार त्याहून मोठी आहे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही आणि ई-पुस्तकांवर तो सुरुवातीला १८ टक्के होता, छापील आवृत्ती असलेल्यांसाठी तो जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आणला. शासनाच्या लेखी तरी ही दोन्ही एकच वस्तू व्हायला हवी होती.

सायंवाचक :

सर्वांचे प्रतिसाद मोठ्या अक्षरात, सावकाश वाचले.

शुद्धप्रत, आपला प्रतिसाद वाचून मी रात्री एक पुस्तक पुन्हा उघडले. सह्याद्रीच्या वर्णनात ‘दर्याखोर्यांत’ असे दोन ठिकाणी सापडले. पूर्वी मी ते वाचून पुढे गेलो होतो, म्हणजे माझ्या डोळ्यांना सवयीने ‘दऱ्याखोऱ्यांत’ हेच दिसले होते. पण शाळकरी मुलगा हे पुस्तक वाचेल, त्याच्याजवळ ही सवय नसेल. येथे मी आपले म्हणणे पूर्णपणे मान्य करतो.

ग्रंथघर यांचे म्हणणे मात्र मला अर्धेच पटते. परवान्याचा आक्षेप दुकानातून घेतलेल्या पुस्तकांना लागू आहे, ई-रीडर या साधनाला नव्हे. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी १९१९ साली गेले. अशी पुस्तके मी यंत्रात भरून घेतली, तर ती कोणी काढून नेऊ शकत नाही, आणि त्यांची प्रत मी शंभर जणांना दिली तरी माझी माझ्याजवळ राहते. ई-साहित्य प्रतिष्ठानसारखे लोक लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके विनामूल्य देतात, तीही अशीच वाटता येतात. तीन चिठ्ठ्या डकवलेली ती कादंबरी थोर आहेच. पण मी आपल्या गावात राहत असतो, तर तिच्यातले अक्षर मला वाचता आले नसते. माझ्यासारख्या सभासदाला आपण काय देता?

ग्रंथघर :

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्याजवळ नाही. आमचे अकरा सभासद असे आहेत की ज्यांनी गेल्या चार-पाच वर्षांत डोळ्यांमुळे पुस्तके नेणे थांबवले. वर्गणी ते अजूनही भरतात, वृत्तपत्रांच्या टेबलाशी येऊन बसतात, मथळे वाचतात आणि जातात. मोठ्या अक्षरांतली मराठी पुस्तके पोथ्या आणि बालवाङ्मय सोडले तर बाजारात जवळजवळ नाहीतच.

आपण म्हणता तशी मुक्त पुस्तके भरलेले एखादे यंत्र वाचनालयाने घ्यावे, हा विचार मी कार्यकारी मंडळापुढे मांडीन. मात्र माझा मूळ आक्षेप मी मागे घेत नाही. या अकरा जणांना गेल्या वीस-तीस वर्षांतले लेखन वाचायचे असते, आणि ते मुक्त नाही. वाचनालयात येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक पडतो आणि त्या क्रमांकावर ते गावाचे होते. यंत्रालाही क्रमांक देता येईल. पण त्यात एका व्यक्तीच्या खात्यावर घेतलेले चालू लेखकाचे पुस्तक गावाचे कोणत्या क्रमांकाने होणार? प्रकाशकांनी वाचनालयांसाठी वेगळी ई-प्रत, एकदाच पैसे घेऊन आणि कायमची, द्यायला हवी. तोपर्यंत मी छापीलच घेत राहणार.

शुद्धप्रत :

ग्रंथघर, मंडळाने यंत्र घेतले तर त्यात भरण्याआधी साने गुरुजींची पुस्तके माझ्याकडे पाठवा. रविवारी मला चार तास मिळतात. मूळ छापील प्रतही सोबत हवी, शक्यतो जुन्या आवृत्तीची.