नक्षत्रांवरनं अक्षरं आली, की अक्षरं नंतर नक्षत्रांना जोडली?

निपाणीकर_वाचक
नमस्कार सगळ्यांना. पुतणीचं बारसं झालं तवा भटजींनी पंचांग बघून सांगितलं, मृग नक्षत्र आहे, ‘वे वो का की’ यातनं नाव काढा. आता तिचा मोठा भाऊ, नववीत आहे, तो मोबाईलवरचा एक व्हिडिओ दाखवून म्हणालाय की जगातल्या सगळ्या लिप्या आकाशातल्या ताऱ्यांच्या आकृत्यांवरनंच निघाल्यात, इंग्रजीतला ‘ए’ म्हणजे उलटा केलेला बैल, बैल म्हणजे वृषभ रास, आणि आपल्याकडं प्रत्येक नक्षत्राला चार अक्षरं दिलेली आहेत हाच पुरावा म्हणे. मला ते सरळ उडवून लावता येईना आणि मानताही येईना. आमच्या भागात शेतीची सगळी बोलीच नक्षत्राची, मृग निघाला काय, आर्द्रा लागल्या काय, ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’, हे म्हणणाऱ्या कितीतरी जुन्या माणसांना अक्षरओळख नव्हती पण नक्षत्रं तोंडपाठ. मग आधी काय आलं? आकाश वाचणं आणि अक्षर लिहिणं यांचा खरंच काही संबंध आहे का, कुणी नीट वाचलं असेल तर सांगा, पोराला उत्तर द्यायचंय.

आणि एक, गावाबाहेर देवळाजवळ एक जुना शिलालेख आहे, वर चंद्र-सूर्य कोरलेत, खाली हळेगन्नड म्हणजे जुन्या कन्नडची लिपी. ते चंद्र-सूर्य म्हणजे ग्रहणाची खूण आहे का?

शहापूर_पेठ
निपाणीकर दादा, पोरगा विचारतोय हीच मोठी गोष्ट, त्याला उडवून लावू नका. पण व्हिडिओतलं बरंचसं चुकीचं आहे.

आज सापडलेलं सगळ्यात जुनं लेखन म्हणजे इराकमधल्या उरुक शहरातल्या मातीच्या पाट्या, साधारण इ.स.पू. ३३०० च्या सुमाराच्या. त्यात काय आहे तर बार्ली किती आली, मेंढ्या किती, बियरसाठी धान्य किती दिलं, मजुरांचा शिधा किती. बाकी थोड्या शब्दांच्या याद्या. पूजा नाही, तारे नाहीत, राजाची स्तुतीसुद्धा नाही. आपल्याकडं आज्ज्या दुधाच्या रतीबाच्या रेघा कोळशानं भिंतीवर ओढायच्या, त्याच जातीचं काम, फक्त देवळाच्या कोठाराएवढं मोठं.

पण इथंच एक बारीक गोष्ट आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. शिधा द्यायचा तर किती दिवसांचा हे लिहावं लागतं. म्हणून त्याच पाट्यांवर दिवस, महिना, वर्ष यांच्या खुणा आहेत, दिवसासाठी उगवत्या सूर्याचं चिन्ह घेऊन त्याला आकडे जोडलेत, आणि हिशोबाला सोपं जावं म्हणून महिना सरसकट ३० दिवसांचा, वर्ष ३६० चं धरलेलं. आकाशातला खरा चांद्रमहिना साडेएकोणतीस दिवसांचा असतो हे त्यांना ठाऊक नसणार असं कसं म्हणायचं, रोज रात्री दिसतोय की. पण कोठारातल्या कारकुनाला सरळ आकडा लागतो. म्हणजे कालगणना लिखाणात आली ती पगारपत्रकातनं.

ताऱ्याचं चिन्ह मात्र त्यांच्याकडं नक्की आहे. आठ टोकांची चांदणी काढली की ‘आकाश’, तीच ‘देव’, आणि देवाचं नाव लिहिण्याआधी तीच खूण ठेवायची. तसल्या तीन चांदण्या मिळून ‘तारा’ हा शब्द. म्हणजे आकाशाकडं बघून काढलेली चिन्हं होती, पण ती मेंढी, मासा, हात, पाय यांच्या चिन्हांच्या रांगेतली एक.

आता तो ‘ए’. बैलाचं डोकं हे खरं आहे. सिनाईत सेराबित अल खादिम म्हणून फिरोज्याच्या खाणी आहेत, तिथं साधारण इ.स.पू. १८०० च्या सुमाराची फार जुनी वर्णमाला सापडली, त्यात बैलाचं डोकं ‘अ’ सारख्या ध्वनीसाठी. पण त्याच्या शेजारी घर आहे, पाणी आहे, डोळा आहे, हात आहे. यातली रास कुठली? बैलाचं तारकाचित्र जुनं आहे मान्य, पण सारख्या मापाच्या बारा राशींचं चक्र बाबिलोनमध्ये पक्कं झालं ते इ.स.पू. पाचव्या शतकात, म्हणजे ‘ए’ जन्मल्यावर हजार वर्षांहून जास्त काळानं. चंद्राच्या नक्षत्रांवरनं वर्णमाला आली असंही काहींनी मांडलंय, पण फिनिशियन अक्षरं २२, सीरियातल्या जुन्या उगारित शहराची चिन्हं ३०, नक्षत्रं २७ किंवा २८. कशाचाच मेळ बसत नाही.

काळी_नदी_काठ
शहापूरकर, तुमचं पटलं पण सगळ्या जगाला उरुकचा नियम लावू नका हो. ग्वाटेमालात सान बार्तोलो या माया लोकांच्या जुन्या ठिकाणी भिंतीच्या तुकड्यांवर ‘७ हरीण’ अशी तारखेची नोंद मिळाली, इ.स.पू. ३०० ते २०० च्या दरम्यानची, २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्या २६० दिवसांच्या चक्रातला तो दिवस. त्या भागातल्या जुन्यातल्या जुन्या खुणांत तारखाच तारखा आहेत, पुढं तर शुक्राचं ५८४ दिवसांचं कोष्टक पुस्तकात मांडलं त्यांनी. चीनमध्येही इ.स.पू. १२५० च्या आसपास हाडांवर कोरलेल्या प्रश्नांची सुरुवातच दिवसाच्या नावानं, १० आणि १२ खुणांच्या जोड्या लावून साठ दिवसांचं चक्र. आपली संवत्सरं साठ वर्षांची, त्यांचे साठ दिवस. म्हणजे काही ठिकाणी लिहिणाऱ्याला सगळ्यात आधी तारीखच लिहावीशी वाटली हे खरं आहे.

गोकाक_धबधबा
माझी घरची भाषा कन्नड, मराठी बाजारात शिकलो, चूक झाली तर सांभाळून घ्या. सिंधू मुद्रांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. तिथं माशाचं चिन्ह फार वेळा येतं. फिनलंडचे आस्को पार्पोला यांचं म्हणणं असं की ती भाषा द्राविडी असेल तर मासा आणि तारा दोन्हीला ‘मीन’ असा एकच उच्चार, म्हणून मासा काढून तारा वाचायचा. आम्ही आजही माशाला मीनु म्हणतो आणि चमचमण्याला मिनुगु. जुन्या तमिळमध्ये कृत्तिकांना अरुमीन म्हणजे सहा तारे, सप्तर्षींना एळुमीन म्हणजे सात, आणि मुद्रांवर माशाच्या आधी सहा रेघा, सात रेघा असलेल्या जोड्या खरंच आहेत. हे खरं निघावं असं मला मनापासून वाटतं. पण लिपी अजून वाचलेली नाही, दोन भाषांतला एकही लेख मिळालेला नाही, एका मुद्रेवर सरासरी पाचच चिन्हं, त्यामुळं कुणी काहीही बसवलं तरी बसतं. २००४ मध्ये तर तीन अभ्यासकांनी ही लिपीच नाही असं मांडलं, त्यावर अजून वाद चाललाय. पोराला सांगताना हा अंदाज आहे म्हणूनच सांगा.

खानापूर_मास्तर
माझा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडं कॅलेंडर लिपीशिवाय चाललं, आणि किती शतकं चाललं ते बघा. वेदांग ज्योतिष म्हणजे वैदिक कालगणनेचा जुना ग्रंथ, त्यात पाच वर्षांचं युग, १८३० दिवस, त्यात चंद्राचे ६२ महिने, म्हणजे साठ सौर महिन्यांत दोन अधिक मास. एवढा हिशोब पाठांतरात. आणि त्यात नक्षत्रांची यादी कशी दिलीय माहिती आहे? ‘जौ द्रा गः खे श्वे’ अशी एकेक अक्षर. जौ म्हणजे अश्वयुजौ, द्रा म्हणजे आर्द्रा, गः म्हणजे भग, खे म्हणजे विशाखे, श्वे म्हणजे विश्वेदेव. नक्षत्राच्या किंवा त्याच्या देवतेच्या नावातला एक तुकडा उचलायचा, तो ऐकायला सोपा, पाठ करायला सोपा. इथं अक्षर म्हणजे कानाला ऐकू येणारं, डोळ्यांना दिसणारं नव्हे.

आता बारशाचं ‘वे वो का की’. २७ नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, १०८ खाने, आणि त्यात वर्णमाला वाटून टाकलीय. हे नंतर बसवलेलं कोष्टक आहे हे कोष्टकच सांगतं. आर्द्रेला ‘कू घ ङ छ’, उत्तरा भाद्रपदेला ‘दू थ झ ञ’. ङ वरनं कुणाचं नाव ठेवणार? ञ वरनं? जोशी मंडळींना तिथं पर्याय शोधावा लागतो. नक्षत्रातनं अक्षर निघालं असतं तर असली रिकामी घरं राहिली नसती. आणि आपली वर्णमाला कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ अशी तोंडाच्या आतनं बाहेर येते, तिचा क्रम लावणाऱ्यानं आकाशाकडं बघितलेलंच नाही.

लिपी आणि नक्षत्र दगडावर एकत्र भेटतात ते अशोकाच्या काळात, इ.स.पू. तिसरं शतक. धौली आणि जौगडच्या लेखात आज्ञा आहे की हा लेख तिष्य म्हणजे पुष्य नक्षत्राच्या दिवशी लोकांना वाचून दाखवा. लोकांना वाचता येत नव्हतं पण आज तिष्य आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून आज्ञा तशी. त्याच विशेष आज्ञांची प्रत आपल्या कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात सन्नतीला सापडली आहे.

निपाणीकर_वाचक
मास्तर, ते ङ ञ चं पोराला दाखवलं, पंचांग घेऊनच बसलाय आता. शहापूरकर, काळी नदीवाले, गोकाकचे अण्णा, सगळ्यांचे आभार, अण्णा तुमचं मराठी आमच्यापेक्षा साफ आहे. शिलालेखाचं कुणी सांगेल का?

खानापूर_मास्तर
चंद्र-सूर्य म्हणजे ग्रहण नव्हे. चंद्र आणि सूर्य आहेत तोवर हे दान चालावं, आचंद्रार्क, असा त्याचा अर्थ. ज्याला वाचता येत नाही त्यालाही शेताच्या बांधावरनं कळावं म्हणून वर चित्र. शेजारी गाय-वासरू किंवा तलवार असेल तर बघा, आपल्या भागात दानलेखांवर असतात. ग्रहणाच्या दिवशी दान दिलं असेल तर ते मजकुरात लिहिलेलं असतं.

मजकुरात शक, संवत्सराचं नाव, महिना, पक्ष, तिथी, वार असा क्रम शोधा. हलशीला सापडलेल्या कदंब राजांच्या जुन्या ताम्रपटांत बहुतेक ठिकाणी राजाचं राज्यवर्ष आहे, शक नाही, त्यामुळं साल ठरवताना घाम फुटतो. दगडावर शकाचं साल येतं त्याचा जुना नमुना बदामीच्या कड्यावर, शक ४६५, म्हणजे इ.स. ५४३.

बेळगावचंच उदाहरण घ्या. वेणुग्राम म्हणजे आपलं बेळगाव, तिथल्या रट्ट जिनालयाला म्हणजे जैन देवळाला रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्यानं दिलेल्या दानाचे शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तारीख अशी: शक ११२७, रक्ताक्षी संवत्सर, पौष शुद्ध द्वितीया, शनिवार, उत्तरायण संक्रांत. आता आपला सोपा नियम, शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. यंदाचा नको, शक १९४७ घ्या, १९५९ होतात, बाकी ३९, विश्वावसू, बरोबर. पण ११२७ ला बाकी ५९ येते, म्हणजे क्रोधन, आणि दगड म्हणतोय रक्ताक्षी, तो ५८ वा. दगड चुकला का? नाही. दगडावर चालू वर्ष मोजलंय, आपली पंचांगं संपलेलं वर्ष मोजतात, एकाचा फरक तिथनं. ११२६ घेतलं की रक्ताक्षी येतं, आणि गणित केलं की जुन्या युरोपीय कॅलेंडरचा २५ डिसेंबर १२०४ निघतो. त्या दिवशी शनिवारच होता, अमावस्या झाल्यावर दुसरी तिथीच होती, मकर संक्रांतही तिथंच. चार वेगवेगळे साक्षीदार एका दिवसावर येऊन थांबतात. याच तऱ्हेनं शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट साहेब यांना गुप्त राजांच्या लेखांच्या तारखा गणित करून दिल्या होत्या, १८८८ चं ते पुस्तक. मला दीक्षितांचा फार अभिमान वाटतो, कोकणातला शाळामास्तर माणूस.

तुमच्या दगडाचा फोटो काढताना चुना, खडू, तेल, कुंकू काही लावू नका, दगड खराब होतो. अंधार पडल्यावर बॅटरी एका बाजूनं दगडाला लगटून तिरपी धरा, खाचांत सावली पडते, अक्षरं उठून दिसतात. डावीकडनं एक, उजवीकडनं एक, वरनं एक असे फोटो काढा आणि इथं टाका. कन्नड वाचायला गोकाकचे अण्णा आहेतच, तारखेचं गणित मी करतो.