शिडाच्या बोटीतल्या न्हाणीचा पंप पाणी उपसत नाही: दुरुस्त करू की बदलू?

नमस्कार मंडळी,

ऑकलंडच्या वेस्टहेवन मरीनात आमची ३४ फुटी शिडाची बोट आहे. डिसेंबरात सासू-सासरे रत्नागिरीहून येतायत. त्यांना घेऊन वाइहेके बेटापाशी नांगर टाकून चार दिवस राहायचा बेत आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, समुद्रात उतरून परत शिडी चढणं त्यांना जमायचं नाही. त्यामुळे न्हाणी चालू हवीच.

बोटीची सवय नसलेल्यांसाठी सांगते. आमच्या न्हाणीचा तळ समुद्राच्या पातळीखाली आहे, त्यामुळे घरच्या मोरीसारखं पाणी आपसूक वाहून जात नाही. ते फळ्यांखालच्या एका प्लास्टिकच्या डब्यात साठतं. डब्यात जाळी, छोटा बुडता पंप आणि फ्लोट स्विच आहे. पाणी चढलं की स्विच उचलला जातो आणि पंप ते बाहेर फेकतो.

आता पंप नुसता घुरघुरतो. पाणी घोट्यापर्यंत येतं, आणि दोन-तीन मिनिटांत फ्यूज उडतो. पंपावर ३ अँपिअर लिहिलंय, फ्यूज ५ चा आहे. मी मोजलं तेव्हा जवळजवळ ६ अँपिअर जात होते. पंप चालू असताना बॅटरीशी १२.६ व्होल्ट, पंपाशी फक्त १०.१. वायर जाऊन-येऊन १२ मीटर आहे, जाडी दीड चौरस मिलिमीटर.

वायर बदलू, पंप बदलू, की डबा काढून वेगळ्याच प्रकारचा पंप लावू? डब्याला साबणाचा आंबूस वास येतो, तोही जायला हवा.

प्रतिसाद १

ताई, आकडे दिलेत हे फार बरं केलंत. अजून काहीच विकत घेऊ नका. ३ च्या जागी ६ अँपिअर म्हणजे पंपाचं चाक अडकलंय. अडकलेली मोटर जास्त करंट ओढते, आणि करंट वाढला की त्याच वायरीत व्होल्टेजही जास्त पडतं. पंप वरच्या झाकणापासून फिरवून काढा, पात्यांच्या मुळाशी केस गुंडाळलेले असणार. ते काढून परत मोजा. पण तुमच्या वायरीत ६ अँपिअरला साधारण ०.८ व्होल्ट पडायला हवेत, तुमच्याकडे अडीच पडतायत. म्हणजे कुठेतरी जोडही खराब आहे. फ्यूज मात्र मोठा घालू नका, वायर तापेल.

प्रतिसाद २

माझं मत डबा काढून टाकण्याचं. तळाशी बोटभर पाणी कायम उरतं, वास त्याचाच. आम्ही पडद्याचा पंप (आतला रबरी पडदा मागेपुढे हलून पाणी ओढणारा, डायफ्राम पंप) बसवला, व्हेल गल्पर २२०. तो कोरडा चालला तरी बिघडत नाही, पाण्यात बसवावा लागत नाही, म्हणून कपाटात कोरड्या जागी लावला आणि मोरीतून थेट ओढतो. अंघोळ झाली की बटण दाबायचं. आवाज बुडत्या पंपापेक्षा जास्त येतो, रात्री जाणवतो. होस आतून गुळगुळीत घ्या, वळ्यांच्या होसमध्ये केस आणि साबण धरून बसतात.

प्रतिसाद ३

एक सांगायचं राहिलंय. पाणी बाहेर पडतं ते भोक बोट उभी असताना पाण्याच्या वर दिसेल, पण वाऱ्यात बोट कलली की तेच खाली जातं, आणि समुद्र उलट आत येऊ शकतो. होसचा वळसा उंच नेऊन त्यावर हवेची झडप (नळीत हवा सोडून समुद्राचं पाणी उलट ओढलं जाऊ न देणारी) लावली आहे का, ते बघा. सासू-सासरे बोटीवर असणार, हे आधी. आणि काही झालं तरी न्हाणीचं पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या खोलगट जागेत, सोडू नका, केसांनी तिथला पंप बसला तर संकटात तोच नसेल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी पंप उघडला. पात्यांखाली केसांचा घट्ट गुंडा होता, कात्रीने कापून काढावा लागला. त्यानंतर २.९ अँपिअर, पंपाशी ११.४ व्होल्ट. मग वायर चाचपत गेले तर फळीखाली एक जोड सापडला, आतून हिरवा पडलेला. तो कापून कथिल चढवलेली वायर आणि आतून गोंद असलेली, तापवून आवळणारी नळी वापरून नवा केला. आता १२.२ मिळतात आणि डबा मिनिटभरात रिकामा होतो.

होसला उंच वळसा आहे, पण वरची झडप मिठाने चिकटली होती. कोमट पाण्यात भिजवून मोकळी झाली. तरी नवीन मागवते आहे, जुन्या झडपेच्या भरवशावर राहायचं नाही.

वासाचं बाकी आहे. पडद्याचा पंप या सफरीनंतर लावेन. त्यासाठी विचारते: आमची जुनी होस १९ मिलिमीटरची आहे. तीच चालेल, की २५ ची टाकलेली बरी? होस फळ्यांखालून ओढणं हे दोन दिवसांचं काम आहे, म्हणून आधीच विचारून ठेवते.