टीममधे कोणी बोलतच नाही, काय करू?

विजयनगरवाला: इंदूरला ८ जणांची टीम सांभाळतोय. मीटिंगमधे सगळे मान खाली घालून, आणि नंतर पोहे खाताना आपसात बोलतात की डेडलाइन हुकणार हे आठवड्यापासून दिसत होतं. फार वाईट वाटतं हो.

राजवाडा७: मागे कोणी चूक सांगितली तेव्हा तुमचा चेहरा कसा झाला होता? आमचे आधीचे सर नुसतं पेन टेबलावर आपटायचे, की सगळे गप्प.

सुदामानगरची_ताई: अगदी! हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसननी हॉस्पिटलच्या टीम अभ्यासल्या तर चांगल्या टीममधेच चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या, कारण तिथे लोक लपवत नव्हते. आधी स्वतःची चूक सांगा, आणि कोणी बोललं की पहिले "बरं झालं सांगितलंस" म्हणा.

विजयनगरवाला: मी लॅपटॉप धाडकन बंद करतो. सोमवारी तिथूनच बोलायला सुरुवात करतो.