मेरठची बॅट, अमेरिकेचा हिवाळा

मुलासाठी मेरठहून आणलेली इंग्लिश विलो लाकडाची बॅट न्यू जर्सीत पहिल्याच मोसमात कडेला तडकली, अशी एका पालकांची तक्रार आहे. मला तरी दोष बॅटपेक्षा घरातल्या हीटिंगचा वाटतो. कोरड्या हवेत विलो वाळून ठिसूळ होतो. बॅट हीटरजवळ किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका.

बॅटला लावायचं तेल जवसाचं, कच्चंच हवं. इथल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘बॉइल्ड’ लिन्सीड पटकन मिळतं. त्यात लवकर सुकवणारी रसायनं असतात, ते नको. चमचाभर तेल पुढच्या बाजूला, कडांना आणि तळाला चोळून बॅट रात्रभर आडवी ठेवा. स्प्लाइस (दांडा पात्यात बसवलेला जोड) आणि स्टिकर सोडून द्या. असे दोन पातळ हात पुरेत. जास्त तेलाने बॅट जड होते, स्ट्रोक (चेंडू जोरात मारण्याची ताकद) जातो. (तेलकट फडकं चुरगळून कचऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतं! बाहेर पसरून वाळवा.)

मग लाकडी हातोडीने थोडं थोडं करत पाच-सहा तास ठोका. कडांवर घाव तिरपे, तळावर सरळ घाव अजिबात नाही. ‘नॉक्ड इन’ (म्हणजे आधीच ठोकून तयार) अशा स्टिकरवर विसंबून मुलं थेट नव्या लेदर बॉलसमोर उतरतात, तिथेच बॅट फुटते. आधी जुन्या बॉलवर नेट्समध्ये सराव करा.

आणि विमानात बॅट चेक-इन सामानातच टाका, केबिनमध्ये चालत नाही.