सगळं कोलमडलं तर दुसऱ्यांदा जमेल का?

खटपट्या: डोक्यात एक किडा वळवळतोय. समजा पुढेमागे काहीतरी मोठा लोच्या झाला, महायुद्ध म्हणा साथ म्हणा, माणूस उरला पण ग्रिड कारखाने सगळं ठप्प, मग चार-पाचशे वर्षांनी परत औद्योगिक क्रांती होईल का? १८५९ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात ड्रेक नावाच्या माणसाला ७० फुटांच्या आत तेल लागलं होतं, आपल्याकडे बोअरला याहून खोल जावं लागतं! आता बॉम्बे हाय बघा, मुंबईपासून १६० किमी भर समुद्रात, म्हणजे तेल काढायला आधी तेलावर चालणारी जहाजं पाहिजेत. वरवरचं सगळं आपण ओरपून बसलोय.

भंगारवाले काका: लोखंडाचं टेन्शन नको. पूल, रूळ, बिल्डिंगातल्या सळ्या, केवढा माल जमिनीच्या वरच पडलाय. दगडी कोळसा नसला तरी चालतं, ब्राझीलमध्ये आजही निलगिरी लावून तिच्या लाकूडकोळशावर लोखंड काढतात. फक्त हा कोळसा नाजूक, वरून वजन पडलं की चुरा होतो, म्हणून भट्टी लहान ठेवावी लागते.

घाटपांडे_नाही: +१, आणि वीज पाण्यावर. खोपोलीला १९१५पासून लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली सोडून मुंबईच्या गिरण्या चालवल्याच की.

खटपट्या: हो पण ते पाइप, ती टर्बाइनं कोळशावरच्या स्टीलचीच ना राव?

रिंकू_मेकॅनिकल: मला इंधनापेक्षा हातातलं कसब हरवण्याची भीती वाटते. चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटचं एफ-१ इंजिन घ्या. २०१३च्या आसपास नासाच्या तरुण इंजिनिअर्सनी एक जुनं इंजिन खोलून बघितलं, ड्रॉइंगं होती हो, पण वेल्डरनी प्रत्येक इंजिनला हाताने जे बारीकसारीक बदल केले होते ते कुठेच नीट लिहिलेले नव्हते, आणि ते लोक रिटायर तरी झालेले नाहीतर गेलेले. हे ५० वर्षांत, नासा चालू असताना! चिपचं तर विचारूच नका, सगळ्यात प्रगत चिपा छापायची ईयूव्ही (खास अतिनील प्रकाशाची) मशिनं बनवते जगात एकच कंपनी, नेदरलँड्सची एएसएमएल. त्यामुळे भट्टी, टर्बाइन, रेडिओ इथपर्यंत गाडी येईल, मोबाइल विसरा.

खटपट्या: पटलं. पण काका, पाचशे वर्षांत तुमच्या भंगाराचं काय उरणार? आमच्या कोकणात गाडीचा पत्रा चार पावसाळ्यांत सडतो.

भंगारवाले काका: सडू दे की. गंज म्हणजे लोखंड अधिक ऑक्सिजन, खाणीतलं हेमॅटाइट (लोखंडाचा दगड) पण तेच. भट्टीत टाकायचा, परत लोखंड. फक्त तो गोळा करायला चिकाटीचा माणूस पाहिजे.