मदत हवी आहे: जुन्या अहवालांतल्या कार्बन-१४ तारखा कशा वाचायच्या?

नमस्कार मंडळी. उत्खननांचे जुने अहवाल वाचायचा नाद लागलाय, पण तारखांच्या कोष्टकापाशी गाडी अडते.

एका कोष्टकात कोळशाच्या नमुन्यापुढे नुसतं '४२०० ± १०० बीपी' छापलंय. बीपी म्हणजे १९५० पासून मागे मोजायचं, हे माहीत आहे. पण सरळ वजाबाकी करून इ.स.पू. २२५० म्हणता येत नाही. वातावरणातलं कार्बन-१४ चं प्रमाण कमीजास्त होत आलंय, त्यामुळे वृक्षवलयांवरून काढलेल्या वक्राशी ताडून पाहावं लागतं. तसं केलं की ही तारीख काही शतकं मागे सरकते.

खरी अडचण पुढेच आहे. अर्धायुष्य (कार्बन-१४ निम्मं व्हायला लागणारा काळ) ५५६८ वर्षं धरलंय की ५७३०, याचा अहवालात पत्ताच नाही! फरक तीन टक्क्यांचा, म्हणजे इथे जवळपास सव्वाशे वर्षांचा. नमुन्याच्या प्रयोगशाळा क्रमांकावरून हे शोधता येतं का? की ५५६८ गृहीत धरून आकडा थेट ऑक्सकॅल या तारखा ताडून देणाऱ्या संगणक-प्रणालीत टाकू आणि त्यातला इंटकॅल२० हा वर म्हटलेल्या प्रकारचा वक्र निवडू?

त्याच कोष्टकात समुद्री शिंपल्याचाही एक नमुना आहे. शिंपले खऱ्या वयापेक्षा साधारण चारशे वर्षांनी जुने दिसतात म्हणे, त्याला वेगळा वक्र लागेल ना? त्या-त्या किनाऱ्यापुरत्या स्थानिक दुरुस्तीचा आकडा कुठून घ्यायचा? कुणी हे हाताने केलं असेल तर जरा टप्प्याटप्प्याने सांगा.